पुरुषपण नेमके कुणाला दाखवायचे असते?

आडवाट (धागा सुरू करणारा)

पुरुषांच्या घडणीचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन टोकांना जाऊन अडकते. ‘पुरुष मुळातच असे असतात’ असे एक बाजू ठासून सांगते आणि ‘पुरुषांनी आता सुधारलेच पाहिजे’ असे दुसरी बाजू बजावते. या गदारोळात खुद्द पुरुष फारसा बोलत नाही. बोललाच तर बचावाच्या पवित्र्यात बोलतो किंवा थट्टेवारी नेऊन विषय टाळतो. आपण कसे वाढलो, आपल्याला काय शिकवले गेले, त्यातले काय उपयोगी पडले आणि काय जड जात आहे, हे पुरुषांनीच पुरुषांना सरळ सांगावे, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे. स्त्री सदस्यांचेही स्वागत आहे, कारण त्यांनी जवळून पाहिलेले पुरुष हाही या विषयाचाच भाग आहे.

माझे म्हणणे आधी मांडतो. मुलग्याला आपण कणखर व्हायला शिकवतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आपण त्याच्या मनात एक भीती रुजवतो. पुरुषपण मिळवावे लागते आणि मिळवल्यावरही ते कोणत्याही क्षणी हिरावले जाऊ शकते, ही ती भीती. सहा-सात वर्षांचा मुलगा सायकलवरून पडतो तेव्हा त्याच्याकडे नीट पाहा. गुडघा फुटलेला असतो, तळहातात खडी रुतलेली असते, ओठ थरथरत असतात. पण तो आधी गुडघ्याकडे बघत नाही. मान वर करून आजूबाजूला कोण आहे ते बघतो. कुणी नसेल तर रडतो. मोठी मुले उभी असतील तर कपडे झटकतो आणि ‘काही नाही झालं’ म्हणत सायकल उचलतो. किती लागले आहे हे पाहण्याआधी कोण बघत आहे हे पाहायला तो शिकलेला असतो, आणि हा धडा त्याला कुणी समोर बसवून दिलेला नसतो.

जोसेफ व्हँडेलो आणि जेनिफर बॉसन या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली नेमकी हीच गोष्ट संशोधनातून मांडली. पुरुषपण कष्टाने कमवावे लागते आणि सहज गमावता येते असे लोकांना वाटते, स्त्रीपणाविषयी मात्र तसे तितकेसे वाटत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्याच वर्षी त्यांच्या गटाने एक प्रयोग केला. काही पुरुषांना केसांची वेणी घालायला सांगितली आणि काहींना दोरखंडाचे पेड वळायला सांगितले. बोटांची हालचाल दोन्हींत सारखीच. त्यानंतर प्रत्येकाला कोडे सोडवणे किंवा मुष्टियुद्धाच्या पोत्यावर ठोसे मारणे यांपैकी एक निवडायचे होते. वेणी घातलेल्या पुरुषांनी ठोसे मारणे अधिक प्रमाणात निवडले. काही मिनिटांपुरते ‘बायकी’ ठरलेले काम हाताने केले, तर ते पुसून टाकण्यासाठी मोठ्या माणसांना ठोसे मारावेसे वाटतात. मग सतत चिडवल्या जाणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाने काय करावे अशी आपण अपेक्षा ठेवतो?

ही सक्ती किती लवकर सुरू होते तेही पाहण्यासारखे आहे. १९७६ साली जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी नऊ महिन्यांच्या बाळाची चित्रफीत २०४ प्रौढांना दाखवली. काहींना बाळ मुलगा आहे असे सांगितले, काहींना मुलगी. डबा उघडून अचानक उसळणारे खेळणे बघून बाळ दचकते आणि रडू लागते. ज्यांनी त्याला मुलगा समजून पाहिले त्यांना त्या रडण्यात राग अधिक दिसला आणि ज्यांनी मुलगी समजून पाहिले त्यांना भीती. बाळ तेच, रडणे तेच. घाबरलेल्या बाळाला आपण जवळ घेतो. रागावलेल्या बाळाला तसे लगेच घेतोच असे नाही. घाबरण्याचा हक्क मुलग्याच्या हातून बोलता येण्याआधीच निसटतो, असे मला या प्रयोगावरून वाटते. मोठेपणी पुरुषाला प्रत्येक दुखण्यावर रागच का येतो, याचे निदान अर्धे उत्तर तरी इथे आहे.

तुमच्या वाढीत हे कसे घडले, आणि आज बाप, भाऊ, मित्र, सहकारी म्हणून तुम्ही त्याचे काय करत आहात, हे वाचायला आवडेल. एकच विनंती आहे, कुणाचेही लिहिणे हसण्यावारी नेऊ नये.

सावकाश

धागा काढल्याबद्दल आभार. पुरुष बोलत नाहीत असे सरसकट म्हटले जाते, त्यात मला थोडी भर घालायची आहे. पुरुष बोलतात, पण समोरासमोर बसून क्वचितच बोलतात.

माझा एक जुना मित्र घर बदलत होता. आम्ही दोघे लाकडी कपाट जिन्यावरून उतरवत होतो. तो खाली, मी वर, मध्ये कपाट, त्यामुळे एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. वळणावर कपाट अडकले. ‘तुझ्या बाजूने जरा तिरकं कर,’ असे म्हणून झाल्यावर त्याच आवाजात तो म्हणाला, ‘आम्ही वेगळे होतोय. मुलगी तिच्याकडे राहील.’ मी ‘कधीपासून ठरलंय?’ एवढेच विचारले. तो सांगत राहिला आणि आम्ही कपाट एक-एक पायरी उतरवत राहिलो. खाली पोहोचलो तेव्हा गेल्या दोन वर्षांतले बरेच काही सांगून झाले होते. हाच मित्र माझ्यासमोर टेबलाशी बसला असता, तर ‘सगळं ठीक’ यापलीकडे एक शब्दही बोलला नसता, याची मला खात्री आहे.

ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात ‘मेन्स शेड’ नावाची चळवळ सुरू झाली आणि पुढे ती अनेक देशांत पोहोचली. बहुतांशी निवृत्त, एकटे पडलेले पुरुष एका सामायिक कार्यशाळेत येतात, लाकूडकाम करतात, मोडक्या वस्तू दुरुस्त करतात. कुणी कुणाला मन मोकळे करायला सांगत नाही. खांद्याला खांदा लावून काम करताना बोलणे आपोआप निघते, हे त्या चळवळीने ओळखले. पुरुषांना बोलते करण्याची चिंता वाहणाऱ्यांनी खुर्च्या समोरासमोर मांडण्याऐवजी हातांना काहीतरी काम द्यावे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

कातळ

आडवाट, तुमच्या मांडणीचा आदर राखून असहमती नोंदवतो.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर रात्रपाळी केली. आजारपण, कर्ज, धाकट्या भावाचे अकाली जाणे, हे सगळे त्यांनी सोसले आणि आम्हा मुलांना त्याची झळ लागू दिली नाही. ते बोलले नाहीत हे खरे. पण त्यांच्या न बोलण्यामुळेच आमचे बालपण निर्धास्त गेले. हल्ली अशा माणसाला ‘भावना दडपणारा’ असे लेबल लावले जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. घर कोसळत असताना कुणीतरी एकाने हात न थरथरता उभे राहावे लागते. हे पुरुषानेच केले पाहिजे असे मी म्हणत नाही. माझ्या आईनेही ते अनेकदा केले. परंतु मुलग्यांना सोसायला, जबाबदारी पेलायला, स्वतःच्या आधी इतरांचा विचार करायला शिकवणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय करणे, असा सूर लागत असेल तर तो मला मान्य नाही. कणखरपणात भीती असेलही, पण त्यात प्रेमही असते, आणि त्या प्रेमाचा उल्लेख तुमच्या लेखात नाही.

आडवाट

कातळ, तुमचा आक्षेप योग्य जागी आहे. तुमच्या वडिलांनी जे केले त्याला मी कणखरपणाच म्हणेन आणि त्यापुढे मान लववेन. मला फरक करायचा आहे तो सोसणे आणि लपवणे यांत. सोसणारा माणूस कुणासाठी तरी सोसतो. लपवणारा माणूस आपण कमी ठरू या धास्तीने लपवतो, आणि त्यातून कुणाचेच भले होत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, म्हणून मुलगा बापाकडे बघून नेमके काय उचलतो याची खात्री देता येत नाही. बापाने त्याग केला, मुलगा मात्र नुसते गप्प राहणे शिकला, असे किती घरांत घडले असेल. बाप मुलाशी दोन वाक्ये बोलला असता, ‘मलाही अवघड जातंय, पण आपण निभावून नेऊ’ एवढेच, तर त्याचा कणखरपणा उणा झाला असता असे मला वाटत नाही. मुलाला मात्र कळले असते की अवघड वाटणे आणि निभावणे एकाच माणसात एकाच वेळी असू शकते.

भरती-ओहोटी

कातळ यांच्या ‘हात न थरथरता’ या शब्दांवरून माझ्या कामातले सांगतो. मी औद्योगिक सुरक्षिततेच्या क्षेत्रात आहे. उंचीवरची, यंत्रांजवळची, जीव धोक्यात घालणारी कामे करणारी माणसे माझ्या रोजच्या संपर्कात असतात आणि त्यांत बहुतेक पुरुषच असतात.

उंचीवर जाण्यापूर्वी आम्ही प्रत्येकाला विचारतो, ‘झोप झाली का? चक्कर, ताप, काही त्रास?’ तरुण कामगार आधी मुकादमाकडे आणि मग शेजारच्या जोडीदाराकडे बघतो, आणि ‘नाही’ म्हणतो. आडवाट यांनी लिहिलेला सायकलवरचा मुलगा माझ्यासमोर हेल्मेट घालून उभा असतो. एकदा असाच एक मुलगा ‘नाही’ म्हणाला, पण सुरक्षापट्ट्याची कडी लावताना त्याची बोटे दोनदा घसरली. मी त्याला बाजूला घेऊन पुन्हा विचारले, तेव्हा कळले की घरी आजारी माणूस असल्यामुळे तो दोन रात्री झोपलाच नव्हता. सगळ्यांदेखत हे सांगण्यापेक्षा जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवर झोपाळू अवस्थेत काम करणे त्याला सोपे वाटत होते.

आमच्या क्षेत्रात एक अभ्यास प्रसिद्ध आहे. रॉबिन इली आणि डेब्रा मेयरसन या दोन संशोधकांनी मेक्सिकोच्या आखातातील समुद्री तेलफलाटांवर (समुद्रातून तेल काढण्यासाठी उभारलेल्या तळांवर) राहून तिथल्या कामगारांचा अभ्यास केला. असे फलाट पूर्वी दादागिरी, धाडस आणि बेफिकिरी यांसाठी ओळखले जात. कंपनीने सुरक्षिततेला सर्वोच्च महत्त्व दिल्यावर कामगारांनी चूक कबूल करणे, ‘मला हे जमत नाही’ असे सांगणे, घरच्या काळजीमुळे लक्ष लागत नसेल तर सहकाऱ्यांना तशी कल्पना देणे, हे कामाचाच भाग करायचे ठरले. अपघात मोठ्या प्रमाणात घटले आणि उत्पादन वाढले. त्या माणसांचे पुरुषपण कुठे हरवले नाही. ते सिद्ध करण्याची गरज तेवढी मागे पडली, कारण त्यापेक्षा महत्त्वाचे काहीतरी त्यांच्यासमोर ठेवले गेले होते.

विमानवाहतुकीतही हेच घडले. १९७७ साली टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मरण पावली. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे, ही शंका उड्डाण करणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती उडवून लावली आणि विमान पुढे गेले. त्यानंतरच्या काळात कनिष्ठाने शंका स्पष्टपणे मांडावी आणि वरिष्ठाने ती ऐकावी, हे वैमानिकांच्या प्रशिक्षणात पद्धतशीरपणे आले. तेव्हा मोकळेपणाने बोलणे हा निवांत लोकांचा छंद आहे असे कुणी समजू नये. जिथे खरोखर जिवावर बेतते, तिथे तो कामाचा नियम आहे.

मीच तो

थोडक्यात लिहितो. मी समलिंगी आहे. हे मला स्वतःला कळण्याआधी माझ्या वर्गातल्या मुलांनी ठरवून टाकले होते, माझ्या चालण्यावरून आणि हात हलवण्याच्या पद्धतीवरून. त्यानंतर कित्येक वर्षे मी बोलताना हात खिशात ठेवत असे. आपल्या मनगटावर, आवाजाच्या पट्टीवर, हसण्यावर चोवीस तास पहारा ठेवणे म्हणजे काय, हे त्यातून गेल्याशिवाय समजणार नाही. पण आज वळून पाहताना मला एक गोष्ट जाणवते. मला चिडवणारी मुलेही तोच पहारा स्वतःवर ठेवत होती. माझ्याकडे बोट दाखवले की त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जाणार नाही, एवढीच त्यांची त्यातून सुटका होती. मला त्यांचा राग येतो आणि त्यांची कीवही येते, आणि दोन्ही खरे आहे.

निरभ्र

मी समुपदेशक आहे. पुरुष अनेकदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून किंवा पत्नीच्या आग्रहामुळे येतात, तेही झोप लागत नाही, पोट बिघडते, डोके दुखते अशा तक्रारींमुळे. ‘उदास वाटते’ हे शब्द फार उशिरा येतात आणि काहींच्या बाबतीत येतच नाहीत. नैराश्य म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारे माणूस, हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. अनेक पुरुषांमध्ये ते चिडचिड, अति काम, दारू, बेदरकारपणे गाडी चालवणे, घरातल्यांशी तुटक वागणे अशा रूपांत दिसते. त्यामुळे घरच्यांना तो ‘तापट झालाय’ असे वाटते आणि त्याला स्वतःलाही तसेच वाटते. रोनाल्ड लेव्हंट या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात असे मांडले, की पारंपरिक पद्धतीने वाढवलेल्या पुष्कळ पुरुषांना स्वतःच्या भावना ओळखणे आणि त्यांना नाव देणे हेच जमत नाही, आणि याचे मूळ त्यांच्या जडणघडणीत आहे. ते लपवत आहेत असे नेहमीच नसते. आत काय चालले आहे हे त्यांना खरोखरच सांगता येत नाही.

विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ७ लाख २७ हजार माणसांनी आत्महत्या केली, आणि पुरुषांमधले प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होते. अनेक देशांत आत्महत्येचे प्रयत्न स्त्रियांमध्ये अधिक आढळतात, मृत्यू मात्र पुरुषांचे अधिक होतात. याची कारणे अनेक आहेत. मदत मागायला उशीर करणे किंवा ती अजिबात न मागणे हे त्यांतले एक महत्त्वाचे कारण आहे. जवळचा कुणी मित्र अचानक एकटा पडू लागला, सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे बोलू लागला, आपल्या आवडीच्या वस्तू वाटू लागला, तर आडून विचारू नका. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. मग त्याच्याजवळ थांबा, त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांपर्यंत किंवा हेल्पलाइनपर्यंत पोहोचवा.

पहाटवारा

मी विशीत आहे आणि इथे बहुधा सगळ्यांत लहान असेन. माझ्या वयाच्या मुलांना ‘खरा पुरुष’ कसा असतो हे हल्ली मोबाइलवरचे स्वयंघोषित गुरू शिकवतात. शरीर कमवा, पैसा कमवा, मुलींवर विश्वास ठेवू नका, भावना दाखवू नका, असा त्यांचा पाठ असतो. मोठी माणसे हे ऐकून हताश होतात आणि ‘असले काही बघू नकोस’ म्हणतात. पण मुले ते का बघतात, हे कुणी विचारत नाही.

माझ्यापुरते सांगतो. नववी-दहावीत माझा एक जिवलग मित्र होता. आम्ही एकमेकांना सगळे सांगत असू, अगदी रडण्यापर्यंत. मग कधीतरी आमच्या जवळिकीवरून टोमणे सुरू झाले आणि आम्ही दोघांनीही काही न बोलता अंतर वाढवले. भांडण नाही, काही नाही. आजही आम्ही भेटतो तेव्हा क्रिकेट आणि नोकऱ्यांविषयी बोलतो. नायोबी वे या अमेरिकी संशोधिकेने किशोरवयीन मुलांच्या वर्षानुवर्षे मुलाखती घेतल्या, त्यांत हाच क्रम दिसतो. तेरा-चौदा-पंधराव्या वर्षी मुले आपल्या मित्राविषयी अतिशय जिव्हाळ्याने बोलतात, गुपिते सांगायला कुणी नसेल तर वेड लागेल असेही म्हणतात. आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर तीच मुले त्या मैत्रीपासून दूर जातात, आता गरज नाही म्हणतात, आणि एकटी पडल्याचेही सांगतात.

त्या रिकाम्या जागेत हे गुरू येतात. ‘तू एकटा आहेस, तुला कुणी विचारत नाही’ हे त्यांचे पहिले वाक्य खरे असते, म्हणून पुढची खोटी वाक्येही खरी वाटतात. त्यांना उत्तर द्यायचे असेल, तर आधी ते पहिले वाक्य घरातल्या कुणीतरी आपणहून बोलले पाहिजे.

जाईजुई

पुरुषांच्या धाग्यावर लिहू की नको या विचारात होते, पण मला खरोखरच सल्ला हवा आहे. माझे यजमान गेले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक पुरुष त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकच वाक्य बोलून गेला, ‘आता तूच घरातला पुरुष, आईला सांभाळायचं.’ सगळ्यांनी मायेनेच म्हटले. पण त्या दिवसापासून त्याने माझ्यासमोर रडणे थांबवले. रात्री दाराची कडी लागली आहे का हे तो दोन-दोनदा उठून बघू लागला. आता तो बारा वर्षांचा आहे. अभ्यासात चांगला आहे, वागायला शहाणा आहे, सगळे त्याचे कौतुक करतात. मला मात्र काळजी वाटते. त्याला विचारले की ‘काही नाही गं, आई’ एवढेच म्हणतो. घरात पुरुष नाही म्हणून त्याला पुरुषपण कोण शिकवणार, असे नातेवाईक विचारतात, आणि ते त्याने आधीच शिकून घेतले आहे हे त्यांना कसे सांगू, ते मला कळत नाही.

अंगण

जाईजुई, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहवले नाही. इथले जाणकार उत्तर देतीलच. मी नव्याने बाप झालेला माणूस म्हणून लिहितो.

बाळ रात्री उठते तेव्हा मी त्याला खांद्यावर घेऊन फिरतो. सुरुवातीला मला त्याचे डोके कसे धरावे हेही कळत नव्हते; पत्नीलाही कळत नव्हते, पण तिने शिकावे असे सगळ्यांनी गृहीत धरले होते आणि मी ‘मदत’ करतो म्हणून माझे कौतुक होत होते. संगोपन पुरुषाच्या रक्तात नाही, असे मला अनेकांनी ऐकवले. फिलिपिन्समधील सेबू येथील ६२४ पुरुषांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ली गेटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की अविवाहित असताना ज्यांचे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) जास्त होते ते पुढच्या काळात विवाह करून बाप होण्याची शक्यता अधिक होती, आणि बाप झाल्यावर त्यांचेच टेस्टोस्टेरॉन लक्षणीय कमी झाले. मुलाच्या देखभालीत रोज तीन किंवा त्याहून अधिक तास घालवणाऱ्या बापांमध्ये तर ते देखभाल न करणाऱ्यांपेक्षा कमी होते. पुरुषाचे शरीर बाळाला सांभाळण्याशी जुळवून घेते, मग ‘रक्तात नाही’ हे कशाच्या आधारावर म्हणायचे?

कायद्यानेही फरक पडतो. स्वीडनने १९७४ सालीच पालकत्वाची रजा आई-वडील दोघांनाही खुली केली होती, परंतु बापांनी ती फारशी घेतली नाही. नॉर्वेने १९९३ मध्ये आणि स्वीडनने १९९५ मध्ये रजेचा काही भाग फक्त बापासाठी राखून ठेवला. त्याने घेतली नाही तर ती रजा बुडणार. मग बाप घरी थांबू लागले. ‘मला रजा हवी आहे’ असे वरिष्ठांना सांगण्यात जो संकोच होता, तो ‘रजा बुडेल’ या कारणाने सुटला. पुरुषांच्या मनाची वाट बघत बसण्यापेक्षा नियम बदलणे कधीकधी सोपे असते.

आडवाट

जाईजुई, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. मी तज्ज्ञ नाही. निरभ्र अधिक नेमके सांगतील. मला सुचते ते असे, की त्या मुलावर जी जबाबदारी शब्दांनी टाकली गेली, ती शब्दांनीच काढून घेतली पाहिजे, आणि शक्य असेल तर ती टाकणाऱ्यांपैकीच एखाद्या पुरुषाने. मामा असो, काका असो, वडिलांचा मित्र असो, त्याने मुलाला स्पष्ट सांगावे, ‘मी तेव्हा तुला चुकीचं सांगितलं. आईला सांभाळणं हे तुझं काम नाही. ती मोठी आहे आणि आम्ही आहोत. तू बारा वर्षांचा आहेस, तेवढंच राहायचं.’ हे एकदा सांगून भागणार नाही. कडी बघायला तो उठला, तर ‘मी लावली आहे, तू झोप’ असे रोज सांगावे लागेल, आणि त्याने खात्री करून घेतली तरी रागावू नये.

दुसरे, सावकाश यांनी लिहिलेली जिन्यावरची गोष्ट पुन्हा वाचा. ‘तुला काय वाटतं?’ हा प्रश्न त्याच्यासाठी फार मोठा असेल. त्याच्याबरोबर काहीतरी जोडा, खोला, रंगवा, आणि वडिलांविषयी तुम्हीच बोला. त्यांना कशाची भीती वाटायची, ते कधी रडले होते, कोणत्या गोष्टीत हरले होते, हे सांगा. गेलेल्या बापाची बहुतेक वेळा फक्त कर्तबगारीच मुलांना सांगितली जाते. त्याचे घाबरणेही मुलाला वारशात मिळायला हवे.

निरभ्र

आडवाट यांच्याशी सहमत. एवढेच जोडते, की तीन वर्षे सतत दक्ष राहिलेल्या मुलाला बालसमुपदेशकाकडे नेणे योग्य ठरेल. ‘तुझ्यात काही बिघडलंय’ म्हणून नेऊ नका. ‘आपण दोघांनी मिळून बोलायला जाऊ’ असे सांगून तुम्हीही बरोबर बसा. शहाणपणाचे कौतुक थोडे कमी करून खेळण्याचे, हट्ट करण्याचे, कंटाळण्याचे स्वागत करा. त्याने एखाद्या दिवशी दार आपटले, तर ती चांगली खूण समजा.

कातळ

सगळे प्रतिसाद नीट वाचले. भरती-ओहोटी यांचा मुद्दा मला पटला आणि सोसणे व लपवणे यांतला फरकही मान्य आहे. जाईजुई यांच्या मुलाला जे वाक्य ऐकवले गेले, तेच वाक्य माझ्या वडिलांनाही लहानपणी ऐकवले गेले असणार, हे लिहिताना लक्षात येत आहे, कारण माझे आजोबा लवकर गेले होते.

एक मुद्दा मात्र मी सोडणार नाही. मोकळेपणाने बोलता येणे ही पुरुषाची नवी परीक्षा होता कामा नये. काल जो रडला तो नापास, आज जो रडला नाही तो नापास, असे होणार असेल, तर परीक्षा तशीच राहिली, फक्त परीक्षक बदलले. माझे वडील आज ऐंशीच्या घरात आहेत. ते भावना व्यक्त करायला शिकणार नाहीत, आणि शिकले नाहीत म्हणून ते अपुरे आहेत असे कुणी म्हटलेले मी ऐकून घेणार नाही.

आडवाट

कातळ, हे मला मूळ लेखात लिहायला हवे होते इतके महत्त्वाचे आहे. तुमच्या आक्षेपामुळे धाग्याच्या विनंतीत बदल करतो. पुढे लिहिणाऱ्यांनी ‘मला काय वाटते’ हे लिहिलेच पाहिजे असे नाही. काय घडले, कोण काय म्हणाले, तुम्ही काय केले, एवढेच लिहिले तरी चालेल. आणि ज्यांना लिहायचे नाही, नुसते वाचायचे आहे, त्यांनी निःसंकोच वाचावे. त्यांना कुणी ‘बोलते व्हा’ म्हणणार नाही. तुमच्या वडिलांविषयी आणखी लिहिलेत तर मला वाचायचे आहे. रात्रपाळीवरून आल्यावर ते काय करत असत?